भूचुंबकीय वेधशाळा, अलिबाग

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या बदलांची अखंड नोंद ठेवणारी रायगड जिल्ह्यातील वेधशाळा. अलिबाग येथे समुद्रकिनाऱ्यानजीक, मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किमी. अंतरावर ती वसलेली असून तिच्या ईशान्येकडील बाजूस पेण व आग्नेयेस रोहे ही तालुक्याची ठिकाणे आहेत. १९०४ मध्ये तिचे कार्य सुरू झाले व १९७१ पासून ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आधिपत्याखाली आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेच्या नोंदी व अलिबागच्या नोंदी मिळून १८४६ पासूनची एक सलग मालिका तयार होते. एवढ्या दीर्घ काळाच्या सलग नोंदी जगातील मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहेत.

या इतिहासात ‘कुलाबा’ हे नाव दोन अर्थांनी येते व वाचकाचा घोटाळा होणे साहजिक आहे. मूळची वेधशाळा मुंबई बेटाच्या दक्षिण टोकावरील कुलाब्याची. तर ज्या जिल्ह्यात ती पुढे हलली, त्याचेही नाव अलिबागसमोरच्या जलदुर्गावरून कुलाबा असेच होते. जिल्ह्याचे रायगड हे नामांतर १९८१ मध्ये झाले.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईच्या कुलाब्यास वेधशाळा बांधली, ती प्रामुख्याने खगोलीय वेध व कालमापन यांसाठी. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळेची गरज असे आणि होकायंत्रावर विसंबणाऱ्या नाविकांना दिक्पात (चुंबकीय उत्तर व भौगोलिक उत्तर यांतील कोन) ठाऊक असावा लागे. १८४१ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील खगोलशास्त्राचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांनी येथे चुंबकीय व वातावरणीय वेधांस प्रारंभ केला. त्यांच्या हाताखाली कोवळ्या वयात काम करणारे केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–८४) हे पुढे गणितज्ञ व ज्योतिर्विद म्हणून महाराष्ट्रात विख्यात झाले. छत्रे अलिबागजवळील नागावचे. ज्या शास्त्राचे पाठ त्यांनी मुंबईत गिरवले, त्याची उपकरणे साठ वर्षांनी त्यांच्या गावाशेजारी येऊन बसली, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

प्रारंभीचे वेध डोळ्यांनी घेतले जात. टांगलेल्या चुंबकाचे विचलन दुर्बिणीतून पाहून, घड्याळाच्या ठोक्याबरोबर दर तासाला आकडा वहीत उतरवावयाचा. चुंबक अस्वस्थ दिसू लागल्यास तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतराने वाचने घ्यावयाची, अशी रीत होती. हे काम रात्रंदिवस चाले. १८७२ पासून प्रकाशलेखनाच्या साहाय्याने नोंदी आपोआप होऊ लागल्या.

डोळ्यांनी घेतलेल्या या वेधांचे मोल फार उशिरा कळले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यबिंबावर एक प्रखर उद्दीपन पाहिले आणि अठरा तासांच्या आत पृथ्वीवर ज्ञात इतिहासातील एक अत्यंत तीव्र चुंबकीय वादळ उसळले. यूरोपातील काही वेधशाळांतील स्वयंलेखी उपकरणांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या व वादळाची तीव्रता तेथे मोजता आली नाही. कुलाब्याच्या सहायकांनी मात्र वाचने चालूच ठेवली. ही पाने पुढे १४४ वर्षांनी पुन्हा उघडली गेली. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्सालेस, गुरबक्ससिंग लाखिना व शोभना अलेक्स यांनी २००३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला व क्षेत्राचा क्षैतिज घटक त्या दिवशी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याचे दाखवून दिले. मुंबईच्या परिसरात या घटकाचे एकूण मूल्य ३८,००० नॅनोटेस्लांच्या आसपास असते, हे लक्षात घेता ही घट किती प्रचंड होती ते कळते. मार्च १८८९ नव्हे, तर १९८९ च्या मार्चमधील वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा काही तास ठप्प झाला, ते वादळही याहून बरेच सौम्य होते. वीजवाहिन्या व उपग्रह यांना सूर्यापासून अधिकात अधिक किती धोका संभवतो, याचा अंदाज बांधताना कुलाब्याच्या या नोंदींचा आधार घेतला जातो.

वेधशाळेच्या स्थलांतरास कारण झाली ती मुंबईची ट्रॅम. १८७४ पासून घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्रॅमगाड्या विजेवर चालविण्याचे विसाव्या शतकाच्या आरंभी ठरले. अशा गाड्यांसाठी एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) विद्युत् प्रवाह वापरीत. तो रुळांवाटे परतताना काही अंशी जमिनीत झिरपतो व त्याच्या चुंबकीय परिणामापुढे पृथ्वीच्या क्षेत्रातील सूक्ष्म बदल झाकोळून जातात. १८९६ मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस (१८५९–१९३६) यांच्यापुढे दोनच मार्ग होते : नोंदी बिघडू देणे अथवा जागा बदलणे. शहराच्या सोयीला विरोध करण्यात अर्थ नव्हता. मूस यांनी खाडीपलीकडील अलिबागची निवड केली.

मूस यांचे खरे द्रष्टेपण जागेच्या निवडीपेक्षा स्थलांतराच्या पद्धतीत दिसते. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी वेध घेण्यात आले. दोन ठिकाणच्या मूल्यांतील फरक त्यामुळे निश्चित झाला व जुनी मालिका नवीन मालिकेस जोडता आली. ही काळजी घेतली नसती, तर १८४६ पासूनच्या साठ वर्षांच्या नोंदी सुट्या पडल्या असत्या. १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले. विजेची ट्रॅम मुंबईत १९०७ मध्ये धावू लागली.

बांधकामातही असाच कटाक्ष होता. पेण, रोहे व अलिबाग या सर्व परिसरातील डोंगर दख्खनच्या बेसाल्टाचे आहेत. घरोघरी वापरला जाणारा हा काळा पाषाण मॅग्नेटाइटयुक्त असल्याने स्वतःच दुर्बल चुंबकासारखा वागतो. म्हणून वेधशाळेसाठी पोरबंदरी दगड निवडून, तपासून आणण्यात आला व लोखंडाऐवजी तांबे, पितळ यांसारखे धातू वापरण्यात आले. उपकरणांच्या खोलीतील तापमान शक्यतो स्थिर राहील अशी रचनाही करण्यात आली.

मूस यांनी १८४६–१९०५ या काळातील वेधांचे संकलन व विवेचन १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. अनेक वादळांच्या सरासरीवरून क्षैतिज घटक प्रथम किंचित वाढतो, मग झपाट्याने घटतो व कित्येक दिवसांनी पूर्ववत होतो, हा क्रम त्यांनी मांडला. चुंबकीय वादळांच्या अभ्यासातील हे प्रारंभीचे महत्त्वाचे कार्य होय.

कुलाबा व अलिबाग येथील हे कार्य भारतीय वातावरणवैज्ञानिक खात्याकडे होते. १९७१ मध्ये त्यातून भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था निर्माण झाली. तिचे मुख्यालय पुढे मुंबईहून नवीन पनवेल येथे आले. म्हणजे वेधशाळेपाठोपाठ जवळजवळ शंभर वर्षांनी संस्थाही रायगड जिल्ह्यात आली. तमिळनाडूतील तिरुनेलवेली येथे तिचे केंद्र चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तेथे आयनांबरात दिवसा पूर्वेकडे विद्युत् प्रवाहाचा एक अरुंद झोत वाहतो. अलिबाग या पट्ट्याबाहेर असल्याने तिरुनेलवेलीच्या मूल्यातून अलिबागचे मूल्य वजा करून झोताची तीव्रता काढतात. समुद्रतळाच्या चुंबकीय सर्वेक्षणातही किनाऱ्यावरील वेधशाळेच्या नोंदी उपयोगी पडतात. सर्वेक्षण चालू असताना क्षेत्रात झालेला दैनिक बदल जहाजावरील मापनांतून वगळावा लागतो. तळाच्या खडकांमुळे होणारा फरक त्यानंतरच वेगळा दिसतो.

अलिबागची शांतताही कायमची गृहीत धरता येत नाही. १९२५ मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वे एकदिश प्रवाहावर धावू लागली. मूस यांनी अलिबाग गाठले नसते, तर वेधशाळेला तेव्हा पुन्हा हलावे लागले असते. पेण व रोह्यावरून जाणाऱ्या कोकणच्या रेल्वेमार्गावरील विजेच्या गाड्या मात्र प्रत्यावर्ती (आलटून पालटून दिशा बदलणाऱ्या) प्रवाहावर चालतात व त्याची सरासरी शून्य असल्याने अशा वेधांना त्याचा उपद्रव कमी पोहोचतो. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत मालवाहतुकीचा फाटा आहे. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. वाहने व नवी बांधकामे मात्र किनाऱ्यालगत वाढत आहेत आणि जवळून जाणारी लोखंडी गाडीही नोंदीवर उमटू शकते.

आता अलिबागच्या नोंदी अंकीय उपकरणांनी होतात व आंतरराष्ट्रीय वेधशाळांच्या जाळ्यातून जगभर उपलब्ध असतात. निरपेक्ष मूल्ये मात्र अचुंबकीय थिओडोलाइटच्या साहाय्याने निरीक्षकालाच हाताने मोजावी लागतात. त्यासाठी आत जाण्यापूर्वी किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचे बक्कल अशा वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात.