युद्धासाठी घडली, देशासाठी राबली

1942 च्या उन्हाळ्यात ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि हिंदुस्थानची पूर्व सीमा एकाएकी रणभूमी बनली. चीनला जाणारा ब्रह्मदेशाचा रस्ता बंद झाला. चीनकडे पोहोचवायचे सर्व साहित्य आता आसामच्या कोपऱ्यातून, हिमालयाच्या पूर्वेकडील शिखरांवरून विमानाने न्यावे लागणार होते. त्या विमानांचे इंधन, सीमेवरील सैन्याचा दारूगोळा आणि लेडोपासून सुरू झालेल्या नव्या रस्त्याची सामग्री या साऱ्यांसाठी एकच लोहमार्ग होता, बंगाल-आसाम रेल्वेचा.

हा मार्ग चहाच्या पेट्या आणि ताग वाहण्यासाठी बांधलेला होता. कलकत्त्याहून ब्रॉडगेजने आलेला माल पार्वतीपूर येथे मीटरगेजच्या वाघिणींत चढवावा लागे. पुढे अमीनगाव आणि पांडू यांच्यामध्ये ब्रह्मपुत्रा आडवी येई. तिच्यावर पूल नसल्याने वाघिणी तराफ्यांवरून पलीकडे नेल्या जात. त्यानंतर पुन्हा एकेरी मार्ग, डोंगर, पावसाळ्यात खचणारे भराव आणि हिवतापाने ग्रासलेली स्थानके. युद्धापूर्वी या मार्गाची क्षमता दिवसाला जेमतेम 600 टन होती.

एंजिनांचीही मोठी टंचाई होती. युद्धाच्या पहिल्या वर्षांत हिंदुस्थानातील एंजिने, वाघिणी आणि रूळ पश्चिम आशियातील आघाड्यांकडे पाठवले गेले. त्यासाठी काही शाखामार्ग उखडण्यात आले. रेल्वेच्या कार्यशाळांत युद्धसाहित्य तयार होऊ लागले. ब्रिटनमधील कारखाने स्वतःच्या सैन्याच्या गरजांत गुंतल्याने तिकडून पुरेशी नवी एंजिने मिळेनात. ‘अत्यावश्यक असेल तरच प्रवास करा’ असे रेल्वेच प्रवाशांना बजावू लागली.

या टंचाईची किंमत सामान्य माणसाने मोजली. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. त्या आपत्तीची कारणे अनेक होती : महागाई, ब्रह्मदेशातील तांदळाची बंद झालेली आवक, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने काढून घेतलेल्या नावा आणि सरकारी अनास्था. वाहतुकीवर युद्धाचा पहिला हक्क असणे हेही त्यांतील एक होते. त्या काळी एखादी वाघिण कोणत्या मालासाठी मिळते, हा जीवनमरणाचा प्रश्न झाला होता.

अशा वेळी अमेरिका आणि कॅनडा येथून मालवाहू एंजिने येऊ लागली. ब्रॉडगेजसाठी आलेल्या वर्गांना ‘एडब्ल्यूडी’ आणि ‘सीडब्ल्यूडी’ अशी नावे मिळाली. मीटरगेजसाठी आलेले एंजिन कागदोपत्री ‘एमएडब्ल्यूडी’ होते, पण ते जगभर ओळखले गेले ते ‘मॅकआर्थर’ या नावाने. 1942 पासून अमेरिकेतील अनेक कारखान्यांत या नमुन्याची सातशेहून अधिक एंजिने तयार झाली आणि आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका येथील रुळांवर धावली.

त्याची रचना गरजेतून ठरली होती. पुढे दोन छोटी चाके, मध्ये आठ चालक चाके आणि मागे पुन्हा दोन चाके. मागच्या चाकांमुळे बाष्पकाची भट्टी रुंद ठेवता येत असे, त्यामुळे हलक्या प्रतीच्या कोळशावरही वाफ टिकून राही. प्रत्येक आसावरील भार सुमारे 9 टनच असल्याने हलके रूळ आणि कमकुवत पूलही त्याला पेलत. यंत्रणेचे बहुतेक भाग बाहेरच्या बाजूला, हाताशी येतील असे बसवलेले होते. त्यामुळे साध्या कार्यशाळेतही दुरुस्ती करता येई. जुन्या ब्रिटिश एंजिनांचा रेखीवपणा त्यात नव्हता. तो हवा, अशी अपेक्षाही नव्हती.

1 मार्च 1944 रोजी कटिहारपासून लेडोपर्यंतच्या सुमारे 800 मैल मार्गाचे संचालन अमेरिकन सैन्याच्या रेल्वे तुकड्यांनी हाती घेतले. चार हजारांहून अधिक अमेरिकन रेल्वेसैनिक आले, परंतु गाड्या चालत राहिल्या त्या हजारो हिंदी कर्मचाऱ्यांच्या साथीने. सांधेवाले, आगवाले, गँगमन, स्थानकमास्तर हे सारे आपापल्या जागी होते. त्याच महिन्यात जपानी सैन्याने इंफाळ-कोहिमाच्या दिशेने चढाई केली. कोहिमापासून दिमापूरचे रेल्वेतळ सुमारे 74 किलोमीटरवर. ते पडले असते, तर संपूर्ण आघाडीची रसद तुटली असती. दिमापूर टिकले आणि गाड्या थांबल्या नाहीत. ऑक्टोबर 1944 पर्यंत या मार्गावरून दिवसाला 4,400 टन माल जाऊ लागला.

युद्ध संपले आणि 1947 मध्ये फाळणी आली. एंजिनांचीही वाटणी झाली, काही युद्धकालीन एंजिने पाकिस्तानात राहिली. आसामवर मात्र निराळेच संकट कोसळले. कलकत्त्याहून आसामला जाणारा जुना लोहमार्ग आता परक्या देशातून जात होता. पार्वतीपूरदेखील सीमेपलीकडे गेले. उरलेल्या भारताशी आसामला रुळांनी जोडणे हे नव्या राष्ट्रापुढील पहिल्या मोठ्या कामांपैकी एक ठरले. जानेवारी 1948 मध्ये करनैल सिंग या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली किशनगंज ते फकिराग्राम या सुमारे 229 किलोमीटरच्या मार्गाचे काम सुरू झाले. तिस्ता, तोरसा, संकोश अशा उच्छृंखल नद्या ओलांडायच्या होत्या. तरीही दोन वर्षांत काम पुरे झाले आणि 26 जानेवारी 1950 रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, या मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू झाली. ब्रह्मपुत्रेवरील तराफ्यांची गरज मात्र 1962 मध्ये सराईघाटचा पूल झाल्यावरच संपली.

परकीय सैन्याच्या रसदीसाठी आलेल्या मॅकआर्थर एंजिनांनी स्वतंत्र भारताच्या ईशान्येत पुढे कित्येक वर्षे चहा, तांदूळ, कोळसा आणि इमारती लाकूड वाहिले. ब्रॉडगेजवर त्यांच्या भावंडांनी देशभर मालगाड्या ओढल्या. तातडीची गरज भागवण्यापुरती घडवलेली ही यंत्रे दशकानुदशके सेवेत राहिली. त्यांना विश्रांती मिळावी एवढी नवी एंजिने अजून देशात तयार होत नव्हती.

ती उणीव चित्तरंजनने भरून काढली. 1 नोव्हेंबर 1950 रोजी तेथून ‘देशबंधु’ हे पहिले एंजिन बाहेर पडले. ते डब्ल्यूजी या मालवाहू वर्गाचे होते. डब्ल्यूजी आणि मीटरगेजचे वायजी या दोन्ही स्वदेशी प्रमाण वर्गांत चाकांची मांडणी तीच होती, पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन. ही मांडणी भारताला युद्धापूर्वीही परिचित होती, परंतु युद्धाच्या कठोर परीक्षेत ती पक्की ठरली.

1990 च्या दशकात भारतीय रेल्वेच्या नित्य वाहतुकीतून वाफेचे एंजिन निवृत्त झाले. 1943 मध्ये बाल्डविन कारखान्यात घडलेले ‘विराट’ हे एंजिन आज रेवाडीच्या शेडमध्ये जतन केलेले आहे. त्याच्या भट्टीत पुन्हा आग पेटते, शिटी घुमते आणि मुले कान झाकून हसतात. त्यांच्या आजोबांनी हाच आवाज ऐकत गावे सोडली, नोकऱ्या धरल्या, घरे वसवली. त्याहीपूर्वी, एका भुकेल्या आणि भयग्रस्त काळात, तो आवाज रसदीचा होता. लोखंडाला कोणत्या कामी लावायचे हे माणूसच ठरवतो, एवढे भान त्या शिटीमागे उरावे.