१९८९ (टेलर स्विफ्टचा अल्बम)

‘१९८९’ हा अमेरिकन गायिका आणि गीतकार टेलर स्विफ्ट हिचा पाचवा स्टुडिओ अल्बम. बिग मशीन रेकॉर्ड्‌सने तो २७ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रकाशित केला. शीर्षकात तिचे जन्मवर्ष आहे आणि संगीतात ऐंशीच्या दशकातल्या सिंथपॉपचा ठसा.

नॅशव्हिलच्या कंट्री संगीतात नाव कमावलेल्या स्विफ्टने ‘रेड’ (२०१२) या अल्बममध्ये कंट्री आणि पॉप दोन्ही हाताळले होते. जानेवारी २०१४ मध्ये ‘रेड’चे सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी हुकले, डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीला मिळाले. त्यानंतर तिने पूर्णपणे पॉप, एकाच घडणीचा अल्बम करायचे ठरवले. काही कंट्री गाणी तरी घालावीत, हा कंपनीचा आग्रह तिने मानला नाही.

मुख्य निर्माते मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक हे स्वीडिश संगीतकार. ‘ब्लँक स्पेस’मध्ये त्यांनी वाद्यमेळ इतका विरळ ठेवला आहे की शब्दन्‌शब्द स्पष्ट ऐकू येतो, आणि इथे शब्दच महत्त्वाचे आहेत: सतत प्रियकर बदलणारी बाई, ही माध्यमांनी रंगवलेली स्वतःची प्रतिमा स्विफ्टने गाण्याची नायिका म्हणून उभी केली. अल्बममधले सर्वांत धारदार लेखन तेच. जॅक अँटोनॉफसोबतच्या ‘आउट ऑफ द वूड्स’मध्ये आवाजांचे थरावर थर चढत जातात. ‘वाइल्डेस्ट ड्रीम्स’च्या ठेक्यात खुद्द स्विफ्टच्या हृदयाचे ठोके मिसळले आहेत. इमोजेन हीपसोबत लंडनमध्ये केलेले ‘क्लीन’ मात्र शांत, हलक्या पावलांनी चालणारे. त्यांच्या तुलनेत ‘वेलकम टू न्यू यॉर्क’ फिके वाटते.

पहिल्या आठवड्यात अमेरिकेत १२.८७ लाख प्रती खपल्या. बिलबोर्ड २०० यादीत अल्बम ११ आठवडे अव्वल राहिला. ‘शेक इट ऑफ’, ‘ब्लँक स्पेस’ आणि ‘बॅड ब्लड’ ही गाणी हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली.

हा खप अल्बम-विक्रीच्या उतरणीच्या काळातला होता, म्हणून त्याचे मोल अधिक. श्रोते स्ट्रीमिंगकडे वळत असताना स्विफ्टने नोव्हेंबर २०१४ मध्ये आपली गाणी स्पॉटिफायवरून काढून घेतली. तीन महिन्यांच्या मोफत चाचणी काळात कलाकारांना मानधन न देण्याच्या ॲपल म्युझिकच्या धोरणावर तिने जून २०१५ मध्ये जाहीर पत्र लिहिले. ॲपलने निर्णय बदलला. त्याचा लाभ तिच्याहून कितीतरी लहान कलाकारांनाही झाला.

२०१६ मध्ये ‘१९८९’ला सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. तिच्याच आधीच्या ‘फिअरलेस’ या अल्बमनंतर हा सन्मान दुसऱ्यांदा मिळवणारी ती पहिली एकल गायिका. त्याआधीच, २०१५ मध्ये, रॉक गायक रायन ॲडम्सने अख्खा अल्बम आपल्या शैलीत गायला होता.

२०१९ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी तिच्या इच्छेविरुद्ध विकली गेली. तेव्हा तिने आपले जुने अल्बम नव्याने गाण्याचा निर्णय घेतला. ‘१९८९ (टेलर्स व्हर्जन)’ पाच अप्रकाशित गाण्यांसह २७ ऑक्टोबर २०२३ रोजी आला आणि अमेरिकेतल्या पहिल्या आठवड्याच्या खपात त्याने मूळ अल्बमलाही मागे टाकले. मूळ ध्वनिमुद्रणे तिने मे २०२५ मध्ये विकत घेतली.