कार्डाला कसं कळणार?

'एक्सचेंजमधून कॉल आला का?' हा प्रश्न माझ्या पिढीतल्या घराघरांत विचारला जायचा. एक्सचेंज म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्सचेंज. सरकारी मराठीत सेवायोजन कार्यालय. आज मुले मोबाइलवर नोकरी शोधतात. पण उमेदवार आणि रिकामी जागा यांची गाठ घालून देण्याचा खटाटोप जुना आहे.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना कामाला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये ही यंत्रणा उभी राहिली. फाळणीनंतर निर्वासितांचा भार तिच्यावर पडला. १९४८ मध्ये तिची दारे सर्वांना खुली झाली आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये कार्यालयांचा कारभार राज्यांकडे आला. रिकाम्या जागा कळवण्याचे बंधन घालणारा १९५९ चा कायदा १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच दिवशी अमलात आला. सरकारी आस्थापनांबरोबर २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनाही त्यात होत्या. मात्र बंधन जागा कळवण्याचे होते, उमेदवार तिथूनच घेण्याचे नव्हते. ही मेख अनेकांना वय उलटल्यावर कळली.

त्या काळचे तंत्रज्ञान म्हणजे 'एक्स-१' हे कार्ड. त्यावर नाव, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव आणि व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक. त्या क्रमांकानुसार कार्डे लावलेली असत. मागणी आली की तो गठ्ठा काढायचा आणि त्यातून नावे पाठवायची.

मी नाव नोंदवले तेव्हा माझ्याकडे मराठी टंकलेखन तीसचे प्रमाणपत्र होते. पुढे इंग्रजी चाळीसही झाले, पण कार्डावर चढवायचे राहून गेले. नूतनीकरणाला गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी सहज विचारले, "मधल्या काळात काही नवीन शिकलात?" मी सांगितले. ते म्हणाले, "अहो, मागच्याच महिन्यात इंग्रजी टंकलेखकांची मागणी येऊन गेली. तुम्ही सांगितलं नाहीत, तर कार्डाला कसं कळणार?" त्यांनी तिथल्या तिथे नोंद केली. मला पहिला कॉल आला तो त्याच नोंदीवर.

पुढे काळ बदलला. एक्सचेंजच्या यादीबरोबरच वृत्तपत्रांत जाहिरात देऊन येणारे अर्जही विचारात घ्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झाले. २० जुलै २०१५ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय करिअर सेवेचे पोर्टल सुरू केले. नोंदणी, जागांची माहिती आणि समुपदेशन एका ठिकाणी आले. गठ्ठ्यातून कार्ड काढायला जिथे अर्धा दिवस लागे, तिथे आता क्षण पुरतो.

पण संगणकालाही आपण भरले तेवढेच ठाऊक असते. त्याच्या पलीकडचे विचारायला माणूस लागतो. आपल्या घरात नोकरी शोधणारे कोणी असेल, तर 'कॉल आला का?' एवढेच विचारू नका. मधल्या काळात काय नवीन शिकलास, आणि ते नोंदवलेस का, हेही विचारा.

(नभोवाणी भाषणावरून)