लाल पुस्तकाची कुळकथा

ऱ्हाइनच्या काठाने चार दिवस स्वस्थपणे हिंडावे, तेथून बव्हेरियामार्गे साल्झबुर्ग आणि व्हिएन्ना गाठावे, किंवा बाझेलवरून स्वित्झर्लंडच्या सरोवरांकडे वळावे, असा बेत आज घरबसल्या आखणाऱ्या गृहस्थाला मुक्काम कोठे करावा, भाडे काय पडेल, आणि दिवस थोडे असल्यास काय पाहावे व काय सोडावे, हे प्रश्न सुचतात. या प्रश्नांची छापील, पारखलेली आणि परवडणारी उत्तरे सामान्य प्रवाशाच्या हाती देण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल, त्यांत कोब्लेन्झचा पुस्तकविक्रेता कार्ल बेडेकर याचा मान मोठा आहे. बेडेकर हे नाव मराठी कानाला घरचे वाटले, तरी घराणे अस्सल जर्मन. एसेन गावी पिढ्यान् पिढ्या छपाई आणि ग्रंथविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या या कुळात कार्लचा जन्म १८०१ साली झाला.

त्याच्यापूर्वी मार्गदर्शक ग्रंथ नव्हतेच असे मुळीच नाही. योहान गोटफ्रीड एबेल या वैद्याने १७९३ साली, स्वित्झर्लंडचा प्रवास अधिकात अधिक उपयुक्त आणि आनंददायक रीतीने कसा करावा, याविषयी दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि त्याची विद्वत्ता निःसंशय थोर होती. परंतु ग्रंथ कितीही थोर असला, तरी मुक्कामाच्या गावी पाऊल टाकताक्षणी प्रवासी जो सापडे तो गाडीवान, भाड्याचा नोकर, वाटाड्या आणि खाणावळवाला यांच्या तावडीत. दर कोणताच ठाऊक नाही, वाट कोणतीच परिचयाची नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाला बक्षिशी आणि प्रत्येक वळणावर घासाघीस. त्यात जर्मन मुलूख अनेक संस्थानांत विभागलेला, तेव्हा नाक्यानाक्यावर जकात आणि परवान्यांची तपासणी होई, ती वेगळीच. अशा स्थितीत निवांतपणे हिंडणे हा पदरी नोकरचाकर असलेल्या श्रीमंतांचाच अधिकार राहावा, यात नवल नव्हते.

ही स्थिती पालटली ती प्रथम वाफेने. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावा जेथे काठावरून घोडे लावून ओढीत, त्या ऱ्हाइनवर १८२७ च्या मे महिन्यात ‘कॉन्कॉर्डिया’ ही आगबोट माइन्झ आणि कोलोन या शहरांच्या दरम्यान नियमित फेऱ्या करू लागली. त्याच वर्षीच्या जुलैत बेडेकरने कोब्लेन्झ येथे दुकान थाटले. पुढच्याच वर्षी त्या शहरातील रोलिंग नावाच्या प्रकाशकाने प्राध्यापक क्लाइन यांचे याच जलमार्गावरील एक पुस्तक काढले. ते मुद्दाम घाईने प्रवास करणाऱ्यांसाठी म्हणून लिहिलेले होते. रोलिंगची पेढी १८३२ साली बेडेकरकडे आली, तीबरोबर हे पुस्तकही आले. क्लाइन तोवर निवर्तले होते. बेडेकरने १८३५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली, आणि १८३९ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर त्याचे स्वरूप बरेचसे पालटून टाकले.

येथे त्याचे खरे कर्तृत्व दिसते. इंग्लंडात जॉन मरे याची ‘हँडबुके’ १८३६ पासून निघू लागली होती. बेडेकरने त्यांचा आदर्श मोकळेपणाने मान्य केला, पुढे त्यांच्यासारखी तांबडी बांधणीही स्वीकारली. पण मजकुराची रुजुवात स्वतः पायांनी चालून करण्याचा जो दंडक त्याने घालून घेतला, तो त्याच्या स्वभावाचा भाग होता. १८४७ साली, ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली असलेल्या मिलानमध्ये, तेथील प्रचंड प्रार्थनामंदिराच्या छताकडे जाणाऱ्या जिन्यावर एका प्रवाशाने त्याला पाहिल्याची हकीकत सांगतात. दर वीस पायऱ्यांनंतर हा गृहस्थ थांबे, जाकिटाच्या खिशातून एक वाटाणा काढी आणि तो विजारीच्या खिशात टाकी. वर पोहोचल्यावर वाटाणे मोजून पायऱ्यांची संख्या ठरवी, आणि उतरताना तोच क्रम उलट करून हिशेब पडताळून पाही. हे मी केवळ गंमत म्हणून सांगत नाही. कारण जिना किती उंच आहे हे ज्याला आधी कळते, त्या वृद्ध प्रवाशाला चढावे की खालीच बसावे याचा निर्णय कोणाचे न ऐकता करता येतो, आणि बेडेकरला आपल्या वाचकाला नेमके हेच स्वातंत्र्य द्यावयाचे होते.

त्याच्या घराण्याची पुढली पुस्तके उघडली, तर शहराच्या वर्णनाआधी बारीक टाइपात उतारगृहे, भोजनगृहे, भाड्याच्या गाड्यांचे दर, टपालकचेरी अशी यादी लागते. कीर्तिमान मंदिरे आणि चित्रशाळा त्यानंतर येतात. कोणाला हा क्रम अरसिक वाटेल, मला तो परम दयाळू वाटतो: निवाऱ्याची चिंता मिटलेल्या माणसाचेच डोळे चित्रावर स्थिरावतात. १८४६ पर्यंत विशेष प्रेक्षणीय स्थळांपुढे तारकाचिन्हही येऊ लागले होते. त्या तारकांनी पुष्कळांना वाट दाखवली, तशी पुष्कळांना तारकाहीन गल्लीतून नजर न टाकता पुढेही ढकलले. म्हणून तारकांपेक्षा या पुस्तकांतील नकाशे मला अधिक मोलाचे वाटतात.

ऱ्हाइनखोरेही या आवृत्त्यांबरोबर पालटत होते. १८३५ ची आवृत्ती घेऊन कोलोनला उतरलेल्याला तेथील महामंदिराचा दक्षिण मनोरा अर्धवट दिसे, आणि त्याच्या माथ्यावर मध्ययुगातील लाकडी यारी तशीच उभी. १८४२ साली काम पुन्हा सुरू झाले, ते १८८० साली संपले. ते पाहावयास कार्ल नव्हता. तो १८५९ च्या ऑक्टोबरात, वयाच्या ५८ व्या वर्षी वारला. १८४४ साली निघालेले त्याचे स्वित्झर्लंडचे पुस्तक तोवर सर्वतोमुखी झाले होते. मुलांनी १८६१ मध्ये ऱ्हाइनच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती काढली, आणि त्यांतील फ्रिट्झने १८७२ साली बिऱ्हाड लाइपझिगला हलवले.

हिंदुस्थानचाही या घराण्याने एक खंड काढला. त्यात सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, सयाम आणि जावाही होते. पण तो १९१४ साली निघाला, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटल्यामुळे जर्मन प्रवासी तो हाती घेऊन मुंबईच्या धक्क्यावर उतरण्याचा योग फारसा आला नाही. दुसऱ्या महायुद्धाने तर याहून क्रूर गोष्ट केली. इंग्लंडातील एक्सटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी या पुरातन नगरांवर १९४२ साली जर्मन विमानांनी जो मारा केला, त्याला या निरुपद्रवी पुस्तकांचेच नाव चिकटले, कारण प्रेक्षणीय म्हणून तारका मिळालेल्या वास्तू हेच लक्ष्य असल्याचे जर्मन सरकारी गोटातून बोलले गेले होते. पुढल्या वर्षी ४ डिसेंबरला लाइपझिगवर इंग्रजांचे बॉम्ब पडले, त्यांत पेढीचे दप्तर जळाले. शतकाहून अधिक काळ जमवलेली टिपणे त्यात गेली. कार्लचा पणतू कार्ल फ्रीडरिख याने मग प्रारंभापासून पुन्हा मांडणी केली. युद्धोत्तर पहिले पुस्तक १९४८ साली निघाले, ते लाइपझिगवरच होते. १९५६ मध्ये पेढी फ्रायबुर्ग येथे गेली, आणि तेथून जर्मन शहरांची पुस्तके पुन्हा नियमाने निघू लागली.