अपिलाची मुदत

दिवाणी दाव्याचा निकाल लागला म्हणजे तंटा मिटला, असें हरलेला पक्षकार सहसा मानीत नाहीं. वरच्या न्यायासनापुढें आपलें गाऱ्हाणें मांडावें, ही त्याची इच्छा स्वाभाविकच होय. परंतु जिंकलेल्यालाही आपलें शेत निर्धास्तपणें नांगरतां आलें पाहिजे. तंटा अखेर कोणत्या क्षणीं संपला असें समजावें, या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

मराठेशाहींत वतनाचे तंटे गोतसभेपुढें किंवा पंचायतीपुढें चालत. निकाल मान्य करूं अशा अर्थाचा राजीनामा आणि जामीन उभय पक्षांकडून आरंभींच घेत. पुढें निकाल लागला म्हणजे हरलेल्यानें आपली हार कबूल करणारें यजितपत्र लिहून द्यावयाचें. जिंकलेल्यानें सरकारांत हरकी भरावयाची. तंट्याला पूर्णविराम मिळे तो मुख्यतः हरलेल्याच्या हातच्या या कागदानें. त्याचे वंशज पुढें तो कागद नाकारूं लागले म्हणजे तीच पाटिलकी, तेंच कुळकर्ण पुन्हा वादांत येई. कित्येक तंटे असे पिढ्यान्‌पिढ्या चालले.

१८१८ सालीं पेशवाई गेली. एल्फिन्स्टननें प्रथम पंचायती चालूं ठेवल्या. पण १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या कायदेसंग्रहांत काळालाच साक्षीस उभें केलें. स्थावर मिळकतीवर मालक म्हणून ३० वर्षें अखंड वहिवाट असली म्हणजे ती मालकी मानावी, असें त्यांत ठरलें. १८७१ च्या कायद्यानें दावे, अपिलें व कांहीं अर्ज यांच्या मुदती एकत्र आणल्या. १९०८ च्या कायद्यांत जिल्हा न्यायालयाकडील अपिलास ३० दिवस आणि उच्च न्यायालयाकडील अपिलास ९० दिवस होते. १९६३ च्या कायद्यानेंही हेच आंकडे राखले. मुदत टळली म्हणजे, प्रतिपक्षानें हरकत घेतली नसली तरी, न्यायालयानें अपील फेटाळलें पाहिजे.

नियम कठोर खरा. पण दिवस मोजण्याची रीत न्याय्य आहे. निकालाचा दिवस मोजीत नाहींत. नकला मिळण्यास लागणारा काळही वगळतात. कारण निकाल वाचल्यावांचून अपील कसें लिहावें? समजा, निकाल १ जूनला लागला, नकलेचा अर्ज १० जूनला केला आणि नक्कल २४ जूनला तयार झाली. तर हे १५ दिवस वजा होऊन, १ जुलैस संपणारी ३० दिवसांची मुदत १६ जुलैपर्यंत जाते. शेवटच्या दिवशीं कोर्ट बंद असेल, तर तें उघडेल त्या दिवशीं अपील दाखल करतां येतें.

याहून मोठी सवलत पांचव्या कलमांत आहे. पुरेसें कारण दाखविल्यास न्यायालय उशीर माफ करूं शकतें. ज्याच्याकडे हयगय किंवा लबाडी नाहीं, त्याच्याविषयीं हे शब्द उदारपणें वाचावे, असें मद्रास उच्च न्यायालयानें १८९० सालींच म्हटलें होतें. १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें काश्मीरांतील भूसंपादनाच्या एका प्रकरणांत सरकारचा ४ दिवसांचा उशीर माफ केला आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब मागावयाचा तो व्यवहारबुद्धीनें, असें सांगितलें. उलट २०१२ सालीं टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर त्याच न्यायालयानें माफ केला नाहीं. दप्तरी दिरंगाईची सबब सरकारनें सांगितली म्हणून ती निराळी ठरत नाहीं, असा त्याचा अर्थ.

पुढें महामारीनें कोर्टांची दारें लोकांना दुर्गम केलीं, तेव्हां १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा काळ सर्वोच्च न्यायालयानें मुदतींतून वगळला. अवघ्या देशाच्या पक्षकारांसाठीं जणूं पंचांगच थांबविलें गेलें.

यजितपत्राला हरलेल्याची संमति लागे; मुदतीला ती लागत नाहीं. म्हणूनच ती मोजणाऱ्याच्या अंगीं दयेची जोड असावी लागते. आणि पक्षकारापुरतें पाहिलें, तर निकालाच्या दुसऱ्याच दिवशीं नकलेचा अर्ज करणें हें उत्तम. न्यायालयाच्या दयेवर भरंवसा ठेवण्याची पाळीच मग येत नाहीं.