फुलांची भाषा : एका समजुतीचा इतिहास

फुलांना ठराविक अर्थ असतात आणि ते अर्थ निरनिराळ्या लोकसमाजांनी पिढ्यानपिढ्या जपून ठेवलेले आहेत, ही समजूत आज इतकी रूढ झाली आहे की तिलाही काही इतिहास असेल, अशी शंकाच कोणाला येत नाही. तांबडा गुलाब म्हणजे प्रेम, पांढरे कमळ म्हणजे पावित्र्य, ही समीकरणे फुलवाल्याच्या दुकानापासून पदव्युत्तर प्रबंधापर्यंत सर्वत्र वावरताना दिसतात. प्रतीककोशात एखाद्या फुलाचा अर्थ पाहावा आणि तो जुन्या काव्यातील एखाद्या स्थळाला लावून मोकळे व्हावे, ही पद्धत आपल्या प्रबंधलेखनात चांगलीच रुजली आहे. प्रस्तुत लेखात युरोपात 'फुलांची भाषा' या नावाने गाजलेल्या प्रकाराचा उगम तपासावयाचा आहे. हा उगम एका भाषिक गैरसमजात आहे असे आमचे मत असून, तो गैरसमज त्याच काळात दुरुस्त होऊनही टिकून राहिला, ही त्यातील विशेष लक्षणीय गोष्ट होय.

इ. स. १७१७-१८ या काळात लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही विदुषी ब्रिटिश वकिलाची पत्नी म्हणून कॉन्स्टँटिनोपल येथे राहत होती. तिची तेथील पत्रे तिच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १६ मार्च १७१८ च्या पत्रात तिने आपल्या मैत्रिणीसाठी एक तुर्की 'प्रेमपत्र' पाठविल्याचा उल्लेख आहे. हे पत्र म्हणजे एक लहानशी थैली असून तीत मोती, लवंग, कागद, नासपती, साबण, कोळसा, गुलाब, काडी, कापड, दालचिनी, जरतार, केस, द्राक्ष, मिरी अशा वस्तू एकामागून एक काढावयाच्या क्रमाने ठेविलेल्या होत्या. या यादीकडे नीट पाहिले असता पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, तीत फुले म्हणावीत अशा वस्तू जेमतेम दोन आहेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माँटेग्यूबाईंनी स्वच्छ सांगितले आहे की, रंग, फूल, गवत, फळ, खडा, पीस यांपैकी अशी एकही वस्तू नाही की जिच्या नावाशी एखादे पद्य जोडलेले नाही. तिने 'पद्य' म्हटले आहे, 'अर्थ' म्हटलेले नाही. आणि प्रत्येक वस्तूपुढे तिने ते तुर्की पद्यही, आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे, उतरून दिले आहे.

ही पद्ये तुर्की भाषेच्या दृष्टीने तपासली म्हणजे सगळ्या व्यवहाराची किल्ली सापडते. नासपतीला तुर्कीत 'अर्मुत' म्हणतात, आणि तिच्या पद्यात मागणी आहे ती आशेची. आशेला तुर्की शब्द 'उमुत'. मिरी म्हणजे 'बिबेर', आणि तिच्या पद्यात निरोप मागितला आहे. निरोप म्हणजे 'हबेर', आपल्या 'खबर' शब्दाचे तुर्की भावंड. केस म्हणजे 'साच', त्याच्या पद्यात मुकुट, म्हणजे 'ताच', आला आहे. हा शब्द आपल्याकडे 'ताज' म्हणून परिचित आहे. द्राक्ष 'उझुम', त्याच्या जोडीला 'गोझुम', म्हणजे 'माझा डोळा', हे लाडके संबोधन. गुलाबाची तर मौजच आहे. 'ग्युल' हे गुलाबाचे नाव आणि 'हास' या आज्ञार्थाचे रूपही तेच. तेव्हा गुलाबाच्या पद्यात हसणे-रडणे आले यात नवल नाही. (आपल्या 'गुलाब' शब्दाची कथा निराळी आहे. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी; म्हणजे मुळात हे गुलाबपाण्याचे नाव, ते आपल्याकडे फुलाला मिळाले.)

तात्पर्य, नासपतीत आशेचे सूचक असे काहीही नाही. तिचा आकार, रंग, चव यांपैकी कशाचाही आशेशी संबंध नाही. संबंध आहे तो दोन शब्दांच्या अंत्य ध्वनींचा. वस्तू हाती पडताच तिचे नाव मनात यावे, नावावरून यमक आठवावे, यमकावरून सर्वांना पाठ असलेले पद्य, आणि पद्यातून निरोप, अशी ही चार पायऱ्यांची वाट आहे. ती तुर्की भाषेच्या बाहेर एक पाऊलही जाऊ शकत नाही.

मराठी वाचकाला हा प्रकार समजण्यास अवघड जाऊ नये. आपल्याकडे नाव घेण्याची चाल आहे. पतीचे नाव उच्चारू नये या निर्बंधातून वाट काढण्यासाठी बायकांनी उखाण्याचे साधन वापरले, आणि उखाण्याच्या पहिल्या चरणात वाटी, समई, पैठणी, जाईचा वेल यांपैकी काय यावे, हे पुष्कळदा पतिराजांच्या नावातील शेवटच्या अक्षरांवर अवलंबून राहिले. एखादा परदेशी प्रवासी साताऱ्यात चार महिने राहून 'मराठी स्त्रियांच्या संकेतात जाईचा वेल म्हणजे अमुक नावाचा पुरुष' अशी यादी करू लागला, तर आपण हसू. युरोपने तुर्की बायकांच्या पद्यांचे नेमके हेच केले.

माँटेग्यूबाईंच्या आधीही या प्रकाराची वार्ता पश्चिमेस पोहोचली होती. दु विञो याचे 'तुर्की चिटणीस' या अर्थाच्या नावाचे फ्रेंच पुस्तक १६८८ मध्ये पॅरिसला निघाले होते, आणि न भेटता, न बोलता, न लिहिता मनोगत कळविण्याची कला शिकविण्याचे आश्वासन त्याच्या मुखपृष्ठावरच होते. तथापि वाचकांच्या मनावर मोहिनी पडली ती माँटेग्यूच्या पत्राने. पडद्याआडच्या स्त्रिया, चोरटे प्रेम आणि मुकी फुले हे मिश्रण युरोपीय कल्पनाशक्तीला फार मानवले. 'सेलाम', म्हणजे आपला 'सलाम', हा शब्द फ्रेंचमध्ये निरोप सांगणाऱ्या पुष्पगुच्छाचे नाव म्हणून रुळला. थैलीतला साबण, कोळसा व मिरी मागे पडली आणि फुले तेवढी उरली.

या भ्रमाला पहिला शास्त्रीय छेद दिला योसेफ फॉन हामर या ऑस्ट्रियन प्राच्यविद्यापंडिताने. राजनैतिक सेवेत असताना कॉन्स्टँटिनोपलमध्ये राहिलेला हा गृहस्थ तुर्की, फार्सी व अरबी या तिन्ही भाषांत मुरलेला होता. व्हिएन्नाहून निघणाऱ्या प्राच्यविषयक नियतकालिकाच्या पहिल्या खंडात, १८०९ मध्ये, त्याने फुलांच्या भाषेवर एक फ्रेंच लेख लिहिला. तीत त्याने पद्यांची बरीच मोठी यादी देऊन दाखविले की, येथे सूत्र यमकाचे आहे, फुलांच्या गुणांचे नव्हे. आणि हा खेळ प्रेमिकांच्या गुप्त पत्रव्यवहारापेक्षा अंतःपुरातील स्त्रियांच्या करमणुकीचा अधिक असावा. गटेने हा लेख वाचला होता. 'पश्चिम-पूर्व दिवाण' या आपल्या काव्यसंग्रहाला जोडलेल्या टिपणांत त्याने या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि यमकाची गोष्ट जर्मन वाचकांना समजावून सांगितली. हा संग्रह १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि त्याच १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर या टोपणनावाने (आपल्या लातूरशी याचा काही संबंध नाही) 'फुलांची भाषा' हे फ्रेंच पुस्तक निघाले. हे नाव बहुधा लुईज कोर्तांबेर या बाईने घेतले असावे असे मानतात. एकाच वर्षी निघालेल्या या दोन ग्रंथांपैकी एकाने खरे सांगितले आणि दुसऱ्याने बाजार जिंकला. लातूरबाईंना तुर्की यमकांचा उपयोग नव्हता, कारण फ्रेंचमध्ये ती जुळतच नाहीत. म्हणून त्यांनी वनस्पतीचे गुण, ऋतू, पुराणकथा आणि कविसंकेत यांतून नवे अर्थ सिद्ध केले. लाजाळूच्या झाडाला विनयशीलतेचा अर्थ आला तो या मार्गाने. पुढे इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथे अशा कोशांचा सुकाळ झाला. केट ग्रीनअवेची सचित्र इंग्रजी पुस्तिका १८८४ मध्ये निघाली आणि तिच्या आवृत्त्या नंतरही निघत राहिल्या. या कोशांचा परस्परांशी मेळ नाही. प्रेयसीचा कोश निराळा आणि प्रियकराचा निराळा निघाला तर काय अनर्थ व्हावा, याची कल्पना वाचकांनीच करावी. बेव्हर्ली सीटन यांनी या वाङ्मयाचा इतिहास १९९५ मध्ये लिहिला. लोकांनी या याद्या प्रत्यक्ष निरोप पाठविण्यासाठी वापरल्याचा म्हणण्यासारखा पुरावा मिळत नाही, हा त्यांचा निष्कर्ष मोठ्या मोलाचा आहे. जॅक गुडी यांनीही आपल्या १९९३ च्या ग्रंथात ही सारी फ्रेंच विद्या म्हणजे कल्पित लोकवर्णन तर नव्हे, असा प्रश्न उपस्थित केला होता.

परंतु यावरून युरोपीय यादीतील अर्थ केवळ वस्तुगुणांतून आले असे समजणेही चूक ठरेल. शब्दाला दाराबाहेर काढले तरी तो खिडकीतून आत आलेला दिसतो. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये वेडी ऑफेलिया फुले वाटते तेव्हा 'पॅन्सी' हे फूल ती विचारांसाठी देते. कारण या नावाचे मूळ फ्रेंच 'पांसे', म्हणजे विचार. याहून बोधप्रद उदाहरण 'सुसी' या फ्रेंच शब्दाचे आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये सूर्यामागे फिरणाऱ्या फुलाला 'सोल्सेक्विआ' म्हणत. झिजत झिजत त्याचे फ्रेंच रूप चिंता या अर्थाच्या 'सुसी' शब्दाशी एकरूप झाले. दोन भिन्न व्युत्पत्तींचे शब्द असे एकाच ध्वनिरूपात येऊन मिळाले आणि त्या बिचाऱ्या पिवळ्याधमक फुलाच्या कपाळी दुःख आले. पुढे फ्रेंच यादीचे इंग्रजी झाले. फुलाचे नाव बदलून 'मॅरिगोल्ड' झाले, श्लेष नाहीसा झाला. अर्थ मात्र जसाच्या तसा राहिला. म्हणून ग्रीनअवेच्या पुस्तिकेत मॅरिगोल्डसमोर दुःख हा अर्थ दिलेला आढळतो आणि त्याचे कारण कोणत्याही इंग्रजी वाचकाला सांगता येणार नाही.

पुढचा घोटाळा आपल्या घरचा आहे. इंग्रजीत ज्या एका नावाखाली हे युरोपीय फूल येते, त्याच नावाखाली आपला झेंडूही येतो. वस्तुतः झेंडू निराळ्या जातीचा असून त्याचे मूळ मेक्सिकोत आहे. तेथील नाउआत्ल भाषेत त्याचे नाव 'वीस' व 'फूल' या दोन शब्दांचे बनलेले आहे, आणि मेक्सिकोत मृतांच्या स्मरणदिनी त्याच्या राशी घालतात. आपल्याकडे तो दसऱ्याच्या तोरणात आला. इंग्रजी कोश उघडून दसऱ्याच्या तोरणात शोक शोधणारा अभ्यासक निघणार नाही अशी आशा आहे; पण खात्री देता येत नाही.

चीनमध्ये शब्दनिष्ठ प्रतीकांची परंपरा फार समृद्ध आहे, कारण त्या भाषेत समध्वनी शब्दांची रेलचेल आहे. कमळाचे एक नाव 'ल्यान'. सातत्य या अर्थाचा शब्दही 'ल्यान'. आणि दक्षिणी राजवटींच्या काळातील प्रेमगीतांत याच ध्वनीवर 'अनुराग' या अर्थाचा श्लेष केलेला आहे. मासा 'यू' आणि विपुलता 'यू'. म्हणून नववर्षाच्या चित्रात मासा व कमळ घेतलेले बालक असले की, वर्षानुवर्षे भरभराट व्हावी असे शुभचिंतन वाचावयाचे. कमळाचे दुसरे नाव 'ह', तेच सुसंवादाचेही. फुलदाणी 'पिंग', शांती 'पिंग'. मात्र अकराव्या शतकातील जौ दुन्यी या तत्त्वज्ञाने कमळाची थोरवी गायिली ती चिखलातून निष्कलंक वर येण्याच्या गुणासाठी. ते कमळ वस्तुनिष्ठ असून त्याच्या मागे बौद्ध, म्हणजे अखेर भारतीय, परंपरा उभी आहे. एकाच देशात एकाच फुलाची ही दोन प्रतीके भिन्न तत्त्वांवर चालतात, हे ध्यानात न घेता 'चीनमध्ये कमळाचा अर्थ काय' असा प्रश्न विचारणे व्यर्थ होय.

आपल्या वाङ्मयात शब्दनिष्ठ पुष्पसंकेताचा उत्कृष्ट नमुना वेताळाच्या पहिल्याच कथेत आहे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त तो येतो. सरोवरावर दिसलेली तरुणी माळेतील कमळ काढून कानावर ठेवते, बराच वेळ त्याचे 'दन्तपत्र' नावाचे भूषण करीत बसते, दुसरे कमळ मस्तकी धरते आणि हात हृदयावर ठेवते. राजपुत्र वज्रमुकुट प्रेमाने व्याकुळ होतो, पण त्याला बोध काहीच होत नाही. अर्थ उलगडतो तो प्रधानपुत्र बुद्धिशरीर: कानावर उत्पल, म्हणजे कर्णोत्पल राजाचे राज्य, दन्तपत्र, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्याची कन्या, मस्तकी पद्म, म्हणजे नाव पद्मावती. यात कमळाचा अर्थ प्रेम नाही, पावित्र्य नाही, लक्ष्मी तर नाहीच. ते फूल म्हणजे पत्ता लिहावयाचे साधन आहे. प्रेमाचे सूचन फक्त हृदयावरील हाताने झाले आहे, आणि तेवढे, कदाचित, राजपुत्रालाही कळले असावे.

येथपर्यंतच्या उदाहरणांवरून फुलांची खरी 'भाषा' कोठेच नव्हती असे वाटेल. यमक आणि श्लेष ही भाषेची उपजीविका करणारी साधने आहेत. स्वतंत्र भाषा नव्हेत. सोस्यूरने चिन्ह व प्रतीक यांत भेद करताना न्यायाच्या तराजूचा दाखला दिला होता. प्रतीक सर्वथा यादृच्छिक नसते. तराजूच्या जागी रथ आणून चालत नाही, असे त्याचे म्हणणे. प्राचीन तमिळ काव्यातील 'तिणै' व्यवस्था मात्र या भेदाच्या उंबरठ्यावर उभी आहे. 'तोल्काप्पियम्' या ग्रंथात वर्णिलेल्या या व्यवस्थेत भूप्रदेशांना वनस्पतींची नावे असून प्रत्येकाशी प्रेमाची एक अवस्था जोडलेली आहे: डोंगरी कुरिंजीशी मीलन, रानातील मुल्लैशी धीराने वाट पाहणे, शेतमळ्यांच्या मरुदमशी रुसवा, सागरतीरीच्या नेय्दलशी व्याकुळता, उजाड पालैशी विरह. येथे कुरिंजीला मूल्य येते ते ती मुल्लै नाही व पालै नाही म्हणून. हा भेदाधिष्ठित संबंध भाषेच्या घटनेचा पाया आहे. कवीने फुलाचे नुसते नाव घेतले तरी प्रदेश, ऋतू, प्रहर व मनःस्थिती या साऱ्यांचा संदर्भ जागा होतो, आणि एका तिणैच्या प्रसंगात दुसरीचे फूल आणून कवी नवा अर्थही घडवू शकतो. बारा वर्षांनी फुलणारी निलगिरीतील कुरिंजी आपल्या सह्याद्रीवरील कारवीच्याच गोत्रातली आहे. कारवीचाही बहर सात वर्षांनी येतो. पण मराठी काव्यात तिला असे मूल्य प्राप्त झाले नाही, कारण तिच्याभोवती इतर चार फुलांचे वर्तुळ कोणी आखले नाही.