देवीच्या विषाणूचा पर्यावरणीय शोध

हवा, धूळ, अंथरुणे व पृष्ठभाग यांचे नमुने तपासून त्यांत देवीचा विषाणू किंवा काळपुळी, प्लेग, ट्युलारेमिया अशा हेतुपुरस्सर फैलावता येणाऱ्या रोगांचे जंतू आहेत का, हे ठरवण्याच्या पद्धतींना पर्यावरणीय शोध म्हणतात.

देवीबाबत असे प्रयत्न रोग नांदत असतानाच झाले. 1960 च्या दशकात मद्रासच्या संसर्गजन्य रोग रुग्णालयात घेतलेल्या नमुन्यांत रुग्णांच्या खोलीतील हवेत विषाणू फारच थोडा आढळला. मात्र 1970 मध्ये जर्मनीतील मेशेडे येथील रुग्णालयात तळमजल्यावर अलग ठेवलेल्या एका रुग्णापासून वरच्या मजल्यांवरील माणसांना लागण झाली, तेव्हा त्याच्या खोलीत धूर सोडून पाहिले असता तो जिन्यातून आणि खिडक्यांवाटे वर चढताना दिसला. विरळ विषाणूही हवेबरोबर दूर जातो, हे त्यावरून कळले.

1980 मध्ये देवीचे निर्मूलन जाहीर झाल्यावर हा विषय मागे पडला. 2001 मध्ये अमेरिकेत टपालातून काळपुळीचे बीजाणू पाठवले गेले, 5 जण दगावले आणि तो पुन्हा पुढे आला. तेथे 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘बायोवॉच’ योजनेत शहरांतील यंत्रे हवा गाळणीतून ओढतात, गाळण्या रोज प्रयोगशाळेत नेल्या जातात आणि पीसीआर, म्हणजे जनुकीय द्रव्याचा ठरावीक तुकडा असंख्य पटींनी वाढवून ओळखण्याची पद्धत, वापरून त्या तपासल्या जातात. तुकडा सापडला म्हणजे जंतू जिवंत आहे, असे मात्र नव्हे. शिवाय ट्युलारेमियाचा जंतू निसर्गातही असतो. 2003 मध्येच ह्यूस्टन येथे तो गाळण्यांत आढळला, पण कोणी आजारी पडले नाही. निकाल स्वयंचलितपणे देणाऱ्या पुढील पिढीच्या यंत्रांची खरेदी 2014 मध्ये रद्द झाली.

देवीची गोष्ट याहून वेगळी आहे. तिचा विषाणू आता निसर्गात नाही, अधिकृत साठे केवळ अटलांटा व रशियातील कोल्त्सोवो येथे आहेत. त्यामुळे खात्रीलायक निष्कर्ष एकदाच आला तरी तो अत्यंत गंभीर ठरेल. खात्रीची अडचण या विषाणूच्या भावंडांमुळे येते: लशीतील व्हॅक्सिनिया विषाणू, तसेच महाराष्ट्रात वेळोवेळी नोंदली गेलेली, धारा काढणाऱ्यांच्या हातांवर फोड आणणारी म्हशींची देवी यांची जनुके देवीच्या विषाणूशी, म्हणजे व्हॅरिओलाशी, पुष्कळ जुळतात, म्हणून चाचणी केवळ व्हॅरिओलात असणाऱ्या क्रमांवर बेतावी लागते. एवढा खटाटोप योग्यच आहे, कारण संसर्गानंतर लक्षणे दिसायला साधारण 7 ते 19 दिवस लागतात आणि विषाणू वेळीच सापडून पहिल्या तीन-चार दिवसांत लस टोचली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो.